उत्तराची मुदत



शोधयंत्राला घालून दिलेली वेळेची मर्यादा हा आजचा विषय. हा प्रश्न संगणकाच्या जाणकारांचा आहे, दिवसभराची कामे आटोपून येथे येऊन बसलेल्या नागरिकांना त्याचे काय, असे कोणी विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि दिवसातून अनेक वेळा आपण त्याला काही ना काही विचारतो. गाडीची वेळ, औषधाचे नाव, एखाद्या खटल्याचा निकाल, जुन्या वर्तमानपत्रातील एखादी जाहीर नोटीस. विचारल्याबरोबर उत्तर येते. कधी उत्तर असे येते की, "काही सापडले नाही." या शेवटच्या उत्तराविषयी आम्हाला आज विशेष बोलावयाचे आहे. कारण या "नाही"मध्ये दोन निरनिराळे अर्थ असू शकतात. एक असा की, सर्व ठिकाणी पाहिले आणि ते कोठेही नाही. दुसरा असा की, दिलेल्या वेळात जेवढे पाहून झाले तेवढ्यात ते आढळले नाही. घरातील हरवलेली किल्ली शोधताना हा फरक लहान मुलालाही कळतो. यंत्राच्या बाबतीत मात्र तो पडद्याआड राहतो, आणि आमच्या मते सारा धोका तेथेच आहे.

हा फरक का उत्पन्न होतो, वेळेची मर्यादा मुळात घालावीच का लागते, आणि ती घालूनही यंत्राला खरे बोलावयास कसे लावता येते, एवढे आपण क्रमाने पाहू.

सूची आणि तिची वाटणी

एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची दिलेली असते. "रायगड" हा शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे हे पाहावयाचे असेल तर आपण सारा ग्रंथ पुन्हा वाचत नाही, सूचीत "र" काढतो आणि पानांचे आकडे वाचतो. शोधयंत्र हेच करते. त्याच्याकडे सोपविलेल्या प्रत्येक लेखातील प्रत्येक शब्दाची ते आधीच सूची करून ठेवते. प्रश्न आला म्हणजे ते लेख चाळीत बसत नाही, सूचीत शब्द काढते, त्यापुढील लेखांचे आकडे घेते, त्यांतील कोणता लेख प्रश्नाला अधिक जवळचा आहे याचे गुण मांडते आणि पहिले दहा आपल्यापुढे ठेवते.

१९९९ च्या सुमारास डग कटिंग या अमेरिकन तज्ज्ञाने अशी सूची करणारी व वाचणारी ल्युसीन नावाची आज्ञावली लिहिली, आणि पुढे ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिच्याच पायावर २००४ मध्ये सोलर आणि २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च या दोन शोधयंत्रांची उभारणी झाली. विकिपीडियाचा शोध, आणि अर्थात मराठी विकिपीडियाचाही शोध, याच ल्युसीनच्या पायावर चालतो.

सूची लहान असेपर्यंत एका यंत्राने भागते. परंतु लेखांची संख्या वाढू लागली म्हणजे सूचीही वाढते. १९९८ मध्ये सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलच्या आरंभीच्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या सूचीत २ कोटी ४० लाख पाने होती. पुढे पाच वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच संस्थेतील तज्ज्ञांनी लिहिले की, आता हे काम १५,००० हून अधिक संगणकांवर चालते, आणि हे संगणक काही खास बनावटीचे नसून बाजारात मिळणारे साधेच आहेत. सूचीचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्राकडे द्यावयाचा, आणि एखादे यंत्र बिघडले तर काम अडू नये म्हणून त्याच तुकड्याची प्रत दुसऱ्या यंत्रावरही ठेवावयाची, अशी ही व्यवस्था. सूचीच्या अशा तुकड्याला जाणकार "शार्ड" म्हणतात. आपण त्याला खंड म्हणू.

कोणता लेख कोणत्या खंडात जावा हे बहुधा विषयावरून ठरवीत नाहीत. प्रत्येक लेखाला एक ओळखक्रमांक असतो, त्यावर ठराविक गणित करून खंड ठरतो. त्यामुळे सर्व खंडांत लेख साधारण सारखे वाटले जातात. पण याचा दुसरा परिणामही लक्षात ठेवला पाहिजे. आपल्याला हवा असलेला लेख कोणत्या खंडात आहे हे शब्दावरून आधी सांगता येत नाही. म्हणून प्रश्न आला की तो सर्व खंडांना विचारावा लागतो. एक यंत्र मुकादमाचे काम पत्करते. ते प्रश्न सर्व खंडांकडे धाडते, प्रत्येक खंड आपापले उत्तम दहा लेख आणि त्यांचे गुण कळवितो, मुकादम ते एकत्र करून त्यांतून उत्तम दहा निवडतो, आणि मग त्या दहांचाच मजकूर मागवून आपल्याला दाखवितो.

पंगतीचा हिशेब

आता पंगतीचे उदाहरण घेऊ. पाने मांडली आहेत, वाढपी वाढीत चालले आहेत. शेवटच्या पानावर वरणभात पडेपर्यंत कोणी घास उचलीत नाही. शंभर माणसांपैकी नव्व्याण्णवांचे पान वाढून झाले असले तरी सर्वांचे जेवण सुरू होण्याची वेळ त्या शंभराव्या पानावरून ठरते. मुकादमाची स्थिती हीच आहे. सर्व खंडांची उत्तरे हाती आल्यावाचून त्याला "हेच उत्तम दहा" असे म्हणता येत नाही, आणि म्हणून आपल्याला लागणारा वेळ हा सर्वांत मंद खंडाचा वेळ असतो. सरासरी वेळेचा येथे काही उपयोग नाही.

ही गोष्ट किती गंभीर आहे हे जेफ्री डीन आणि लुइझ आंद्रे बारोसो या गूगलमधील दोन तज्ज्ञांनी २०१३ मध्ये एका निबंधात आकड्यांनी दाखविले. समजा, एक यंत्र साधारणपणे १० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, उत्तर देते. परंतु शंभर वेळांतून एकदा त्याला पूर्ण सेकंद लागतो. एकट्या यंत्राच्या बाबतीत कोणी तक्रार करणार नाही. आता अशी दहा यंत्रे घ्या आणि सर्वांची वाट पाहा. शंभरांपैकी सुमारे दहा प्रश्नांना सेकंदाहून अधिक वेळ लागेल. शंभर यंत्रे घेतली तर शंभरांपैकी ६३ प्रश्न रेंगाळतील. एका यंत्राच्या बाबतीत जो अपवाद होता तो शंभर यंत्रांच्या मेळाव्यात नियम झाला! मंद पडण्याचे प्रमाण दहा हजारांत एक इतके खाली आणले, तरी यंत्रे दोन हजार असतील तर जवळजवळ पाचांपैकी एक प्रश्न अडकतो.

यंत्र मधूनच मंद का पडते, अशी शंका येथे निघेल. कारणे अनेक आहेत आणि ती सर्वस्वी दूर करता येत नाहीत. एकाच यंत्रावर इतरही कामे चालू असतात. वापरून झालेली स्मृतीतील जागा आवरण्यासाठी आज्ञावलीला मधून मधून थांबावे लागते. सूचीचे लहान लहान भाग एकत्र करण्याचे काम पाठीमागे चाललेले असते. मागील प्रश्नांची रांग लागलेली असते. स्वयंपाकघर कितीही नेटके असले तरी एखाद्या पोळीला वेळ लागतोच. तेव्हा कोणतेही यंत्र कधीही मंद पडणार नाही अशी व्यवस्था करणे हा उपाय नव्हे. मंद पडणारी यंत्रे गृहीत धरून एकंदर उत्तर वेळेवर कसे द्यावे, हा खरा प्रश्न आहे.

मर्यादा कशासाठी

वाट पाहावी, त्यात काय बिघडले, असेही कोणी म्हणेल. दोन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट माणसाच्या मनाची आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच माणूस आणि संगणक यांच्या संवादाचा विचार करून असे मांडले होते की, उत्तराला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागू लागला म्हणजे विचाराची सलगता तुटते. गूगलने २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना दाखवावयाचे उत्तर त्यांनी मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दिले. डोळ्याची पापणी लवावी एवढाच हा उशीर. तरी त्या लोकांनी करावयाच्या शोधांची संख्या हजारी दोन ते सहा इतकी घटली. माणसाला उशीर जाणवला असे तो सांगणार नाही, पण त्याच्या हाताला तो जाणवतो. उशिरा आलेले उत्तर म्हणजे वरातीमागून घोडे. ते कितीही उमदे असले तरी नवरदेव पुढे निघून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट इतरांच्या हक्काची आहे, आणि आमच्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. शोधयंत्र एका वेळी एकाचे काम करीत नाही. एखाद्याने असा प्रश्न विचारला की ज्याला सूचीचा बराच भाग उलथापालथा करावा लागतो, तर तेवढा वेळ यंत्राची शक्ती त्यात गुंतते आणि मागे रांग वाढते. रांग वाढली म्हणजे साधे प्रश्नही अडतात. लोक कंटाळून पुन्हा बटण दाबतात, आणि प्रत्येक पुनरुक्ती हा नवा प्रश्न म्हणून रांगेत उभा राहतो. जुना प्रश्न तर आत चालूच असतो! अशा रीतीने एका हट्टी प्रश्नापायी सारे यंत्र बसल्याची उदाहरणे या व्यवसायातील लोकांच्या नित्य परिचयाची आहेत. वेळेची मर्यादा ही केवळ विचारणाऱ्याच्या अधीरपणाची सोय नसून रांगेतील बाकीच्यांना दिलेले संरक्षण आहे.

मर्यादा पाळतात कशी

मर्यादा घालणे सोपे, पाळणे अवघड. इलॅस्टिकसर्चमध्ये प्रश्नाबरोबर मुदत लिहून देता येते, सोलरमध्येही तशीच सोय आहे आणि तेथे ती मिलिसेकंदांत सांगावयाची असते. मुदत सांगितली नाही, तर इलॅस्टिकसर्च आपण होऊन कोणतीच मुदत धरीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मुदत दिली म्हणजे प्रत्येक खंड काम करता करता घड्याळाकडे पाहतो, आणि वेळ संपला की तोपर्यंत जमा झालेले लेख घेऊन परततो.

पण घड्याळ पाहावयाचे तरी किती वेळा? प्रत्येक लेखागणिक पाहिले तर पाहण्यातच वेळ जाईल. फार क्वचित पाहिले तर मुदत कधी उलटली ते कळणार नाही. सभेत अध्यक्षांनी घंटा वाजविली तरी वक्ता चालू वाक्य पुरे करूनच थांबतो, आणि वाक्य लांबलचक असेल तर श्रोत्यांचे नशीब. यंत्राचेही तसेच आहे. म्हणून ही मुदत "शक्य तितकी पाळली जाईल" अशीच समजावयाची असते. तिच्यात काटेकोर हमी नसते.

याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. ल्युसीनच्या पूर्वीच्या व्यवस्थेत घड्याळ पाहण्याचे काम लेख गोळा करण्याच्या टप्प्यावर सोपविलेले होते. आता मराठीतलाच प्रश्न घ्या. "घर" या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द शोधा, असे कोणी सांगितले. घरात, घराला, घरापासून ही रूपे तर आलीच, शिवाय घरटे, घरकुल, घराणे, घरोबा, घरंदाज असे कितीतरी शब्द सूचीत आहेत. लेख गोळा करण्यापूर्वी हे शब्द वेचून काढावे लागतात. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ही यादी चांगलीच लांबते. वेळ जाई तो या वेचणीत, आणि घड्याळ होते पुढच्या दालनात! मुदत दिलेली असूनही प्रश्न चालूच राही. पुढे सूची वाचणाऱ्या भागातही घड्याळ बसविण्यात आले तेव्हा ही त्रुटी बरीचशी दूर झाली. मर्यादा कोणत्या कामावर लागू आहे आणि कोणत्या कामावर नाही हे पाहिल्यावाचून "आम्ही मर्यादा घातली आहे" असे म्हणण्यात अर्थ नाही, हा त्यातील धडा.

दुसरी अडचण मुदतींच्या उतरंडीची. वाचकाचा फोन दोन सेकंद वाट पाहणार असेल, तर मुकादमाने आपले काम त्याहून आधी आवरले पाहिजे आणि खंडांनी त्याच्याही आधी. उतरंडीत मोठे मडके खाली आणि लहान वर, तसे हे आहे. खंडांना तीन सेकंदांची मुदत दिली आणि फोन दोन सेकंदांतच निघून गेला, तर खंडांनी कष्टाने आणलेले उत्तर घ्यावयास कोणीच उरत नाही. शिवाय विचारणारा निघून गेला ही बातमी आतपर्यंत पोचली नाही, तर यंत्रे कोणासाठीही नसलेले काम करीत राहतात. म्हणून चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला "तुझ्याकडे आता एवढाच वेळ शिल्लक आहे" असे सांगते, आणि विचारणारा उठून गेला तर काम थांबविण्याचा निरोपही धाडते.

थांबण्यापूर्वीचे उपाय

वेळ संपली की थांबणे हा शेवटचा उपाय झाला. त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांतील दोन सांगतो.

प्रत्येक खंडाची प्रत दुसऱ्या यंत्रावर असते हे आपण पाहिले. पहिल्या यंत्राकडून ठराविक अवधीत उत्तर आले नाही, तर तोच प्रश्न प्रतीच्या यंत्राला विचारावयाचा आणि जे उत्तर आधी येईल ते घ्यावयाचे. प्रथमदर्शनी वाटते की यामुळे काम दुप्पट होईल. तसे होत नाही, कारण बहुतेक यंत्रांनी त्या अवधीत उत्तर दिलेलेच असते. डीन आणि बारोसो यांनी सांगितलेल्या एका मोजणीत १०० यंत्रांवर पसरलेल्या १,००० नोंदी वाचावयाच्या होत्या. १० मिलिसेकंद वाट पाहून दुसरा निरोप धाडण्याची पद्धत ठेवताच, हजारांत एक असा जो अतिमंद प्रश्न, त्याचा वेळ १,८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि त्यासाठी निरोपांची संख्या वाढली ती शेकडा २ एवढीच. इतक्या थोड्या खर्चात एवढा लाभ क्वचितच पदरात पडतो.

दुसरा उपाय म्हणजे सूचीचा क्रमच असा लावावयाचा की महत्त्वाचे लेख आधी यावेत. मग मध्येच थांबावे लागले तरी हातचे सुटते ते बहुधा कमी मोलाचे असते. तांदूळ निवडताना वेळ कमी असेल तर मोठे खडे आधी वेचतात, त्यातलाच हा प्रकार.

राहिलेल्या खंडाचे काय

हे सर्व करूनही काही वेळा मुदत संपते आणि एखाद्या खंडाचे उत्तर आलेले नसते. अशा वेळी त्यास सोडून पुढे जाण्याचा मोह मोठा असतो, आणि तो निष्कारण नसतो. त्याच निबंधात गूगलच्या एका सेवेची मोजणी दिली आहे. शंभरांतील सर्वांत मंद प्रश्न पाहिला, तर सर्व यंत्रांची वाट पाहण्यास १४० मिलिसेकंद लागत, आणि शेकडा ९५ यंत्रांची वाट पाहण्यास ७०. म्हणजे शेवटच्या शेकडा ५ यंत्रांसाठी निम्मा वेळ खर्च होई. ज्याला करमणुकीसाठी एखादे गाणे हवे आहे किंवा पावभाजीची कृती हवी आहे, त्याला ९५ खंडांतील दहा उत्तरे पुरेशी आहेत. हजारो लेखांतील काही गळाले तर त्याचे काहीही बिघडत नाही.

परंतु शोध सगळे एका जातीचे नसतात. समजा, एखाद्या कचेरीत जुन्या नोंदींचे शोधयंत्र आहे आणि त्याचे २० खंड आहेत. एक शेतकरी आपल्या आजोबांच्या नावाची एकुलती एक फेरफाराची नोंद शोधण्यास आला आहे. वेळेअभावी एक खंड राहिला. सामान्य शोधात २० पैकी एक खंड राहणे म्हणजे शेकडा ५ लेख कमी मिळणे. या शेतकऱ्याच्या बाबतीत शेकडा ५ नोंद कमी मिळणे असे काही नसतेच. त्याची नोंद एक तर मिळेल, नाही तर मुळीच मिळणार नाही. विसांतून एकदा, त्याची नोंद शाबूत असताना, पडदा त्याला सांगेल की, "काही सापडले नाही." कारकून तेच तोंडाने सांगेल आणि शेतकरी घरी जाईल. तीच गोष्ट दुर्मीळ रक्तगटाचा दाता शोधणाऱ्याची, आणि जुना निवाडा शोधणाऱ्या वकिलाची. सामान्य गोष्ट शोधणाऱ्याला अपुरे उत्तर चालते. दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्याला ते फसविते, आणि निकडीचे शोध पुष्कळदा दुर्मीळ गोष्टींचेच असतात.

येथे यंत्र बनविणाऱ्यांना न्याय दिला पाहिजे. त्यांनी हा फरक लपविलेला नाही. सोलर आपल्या उत्तराबरोबर "हे उत्तर अंशतः आहे" अशी खूण पाठविते. इलॅस्टिकसर्च "मुदत संपली" अशी खूण पाठविते, एकंदर खंड किती, त्यांतील यशस्वी किती आणि अयशस्वी किती, हेही कळविते. एवढेच नव्हे, तर "अपुरे उत्तर मला नकोच, त्यापेक्षा चूक झाली असे सांग" असे त्याला बजावता येते. मात्र तसे बजावावे लागते. न बजावल्यास अपुरे उत्तर चालेल असेच ते धरून चालते. आणि खरी मेख ही की, अपुऱ्या उत्तराच्या पाकिटावरही "यशस्वी" असाच शिक्का असतो. अपुरेपणाची खूण आत, मजकुराच्या शेजारी असते. मधली आज्ञावली लिहिणाऱ्याने पाकिटावरचा शिक्का पाहिला आणि आतली खूण वाचली नाही, तर अपुरे उत्तर पुरे म्हणून वाचकापर्यंत जाते. यंत्र खोटे बोललेले नसते. मधल्या माणसाने त्याचे अर्धे वाक्य गाळलेले असते.

याच्या उलट चांगली उदाहरणेही आहेत. विकिपीडियाच्या शोधव्यवस्थेत मुदत संपली तर हाती आलेली उत्तरे अपुरी आहेत, अशी सूचना वाचकाला देण्याची सोय केलेली आहे. इलॅस्टिकसर्चने २०१९ च्या आवृत्तीपासून आणखी एक प्रामाणिक पद्धत स्वीकारली. प्रश्नाला जुळणारे लेख १०,००० हून अधिक असतील तर शेवटपर्यंत मोजीत बसण्याऐवजी ते "निदान १०,०००" असे सांगते. "१०,०००" आणि "निदान १०,०००" यांत एका शब्दाचे अंतर आहे, परंतु त्या एका शब्दाने यंत्राचा वेळ वाचतो आणि सत्यही शाबूत राहते.

आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर शोधयंत्रे त्याचे उत्तर जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तेच देतात. अपुरे उत्तर असे कधीही जपून ठेवू नये. एका क्षणाच्या मंदपणाने झालेली उणीव मग तासन् तास प्रत्येकाच्या पदरात पडते, आणि यंत्र पूर्ववत झाले तरी उणीव तशीच राहते.

नागरिकाने काय मागावे

आमच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा की, वेळेची मर्यादा ही वाईट गोष्ट नाही. ती नसेल तर एकाच्या प्रश्नापायी शंभरांचा खोळंबा होईल आणि अखेर कोणालाच उत्तर मिळणार नाही. मर्यादा हवीच. प्रश्न एवढाच की, मर्यादेपायी जे राहून गेले त्याची कबुली उत्तरात आहे की नाही.

शास्त्रीय वृत्ती म्हणून जी म्हणतात तिचा हाच गाभा आहे. प्रयोगशाळेतील संशोधक "जंतू नाहीत" असे म्हणत नाही, "तपासलेल्या नमुन्यात जंतू आढळले नाहीत" असे म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरापासून न्यायालयाच्या निकालांपर्यंत आपले सार्वजनिक व्यवहार आता शोधाच्या चौकटीवर येत आहेत. पूर्वी कारकून म्हणे, "तीन कपाटे पाहिली, चौथ्याची किल्ली साहेबांकडे आहे, उद्या या." त्या उत्तराचा आपल्याला राग येई, पण त्यात सारी माहिती होती: किती पाहिले, किती राहिले आणि पुन्हा केव्हा विचारावे. नव्या यंत्राने त्याहून कमी सांगू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

तेव्हा ज्या संस्था असे शोधयंत्र लोकांसाठी उघडतात त्यांच्याकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात. उत्तर अपुरे असेल तर तसे पडद्यावर स्पष्ट मराठीत लिहावे. "नाही" हा शब्द सर्व खंड पाहून झाल्यावाचून वापरू नये, त्याऐवजी "अद्याप पाहून झाले नाही, पुन्हा विचारा" असे म्हणावे. आणि ज्या शोधावर कोणाची जमीन, कोणाचा न्याय किंवा कोणाचे प्राण अवलंबून आहेत, तेथे अपुरे उत्तर मुळीच न देता अधिक वेळ घेण्याची वेगळी वाट ठेवावी. या तिन्ही गोष्टी आजच्या यंत्रांना शक्य आहेत, त्यासाठी लागणाऱ्या खुणा त्यांच्या उत्तरात आजही येत आहेत. त्या वाचणारा पाहिजे, आणि त्या वाचल्या गेल्या का असे विचारणारा नागरिक पाहिजे.